थोरल्याच्या पोटातले तीन ठोके

मित्रांनो, या जुन्या वायनरीच्या तळघरात उतरलात की डाव्या हाताला, विजेच्या बटणांच्या जरा वर, एका खिळ्याला मी टांगलेली दिसेन. मी एक जुनी मोगरी आहे. मोगरी म्हणजे लाकडी हातोडी. माझ्याखाली छापील पाटी लावली आहे. तिच्यावर लिहिले आहे : 'बूच ठोकण्याची हातोडी. अंदाजे दोनशे वर्षे जुनी. हात लावू नये.' मी उभ्या आयुष्यात एकही बूच ठोकलेले नाही. माझे वय फार तर शंभर. एखादीचे वय दुपटीने वाढवून रोज नव्या पाहुण्यांना सांगावे, याचे वाईट वाटतेच. पण त्याहून खोटी एक गोष्ट या तळघरात कितीतरी दिवस सांगितली जात होती. त्यापुढे माझ्या वयाचे काय घेऊन बसायचे!

माझा जन्म इथेच, या दगडी फरशीवर झाला. समोर ते अवाढव्य पिंप दिसते ना, दोन माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी ज्याचा माथा गाठता येणार नाही, ते आधी बांधले गेले. सगळे त्याला 'थोरला' म्हणतात. तो इतका मोठा की तयार करून आत आणणे शक्यच नव्हते. म्हणून सुतारांनी फळ्या खाली आणल्या, आगीवर शेकून वाकवल्या आणि पोलादी पट्ट्या ठोकून त्याला जागेवरच उभा केला. शेवटी ओकच्या लाकडाचा एक हातभर तुकडा उरला. म्हाताऱ्या सुताराने तो फेकला नाही. त्याने त्याचे डोके घडवले, जुन्या द्राक्षवेलीच्या बुंध्याची मूठ बसवली, आणि मी झाले. म्हणजे थोरला आणि मी एकाच झाडाचे. त्याच्या अंगावर कुठेही आघात झाला की माझ्या मुठीत बारीक कंप येतो. आजही येतो.

माझे काम होते पिंपांशी बोलण्याचे. भरलेल्या पिंपावर मला आपटले की आवाज जड आणि मुका येतो. रिकाम्यावर आपटले की तो घुमतो. पिंपाच्या तळापासून वरवर ठोकत गेले की जिथे आवाज बदलतो, तिथवर वाइन आहे असे समजावे. पिंप न उघडता हे कळायला कान चांगला लागतो. आणि महिन्यागणिक ती रेघ थोडी खाली सरकलेलीच असते. बूच घट्ट, कुलूप जागेवर, तरी आतली वाइन कमी झालेली. नवे मजूर घाबरून विचारत, "कोण पितं हो?" जुने मजूर गंभीर चेहऱ्याने भिंतीकडे बोट दाखवत. तिथे काळी, मऊ बुरशी माजलेली असे, मांजराच्या पाठीसारखी. हात लावला तर ती कोमट आहे की काय असे वाटे.

द्राक्षांच्या हंगामात तर तळघर जिवंत होई. नवा रस आंबायला लागला की पिंपांमधून बारीक बुडबुड्यांचा आवाज येई, झोपेत कोणी पुटपुटावे तसा. दिव्यांच्या ज्योती उगाच खाली बसत. अशा दिवसांत कोणी एकट्याने खाली थांबत नसे. एक माणूस मात्र थांबे.

तो तळघराचा कारभारी. त्याला सगळे 'मामा' म्हणत, कारण त्याची भाची इथेच कामाला होती आणि तिचे ऐकून सगळ्यांनाच तशी सवय लागली होती. मामांचा कान असा तयार की मालकीणबाईंनी त्यांचे नाव 'कानसेन' ठेवले होते. मामा मला उजव्या हातात धरत, डोळे मिटत, एकच ठोका देत आणि सांगत, "चार बोटं उतरलीय." मोजून पाहिले तर चार बोटेच. पाहुणे आले की मालकीणबाई त्यांना मुद्दाम खाली आणत आणि मामांची ही करामत दाखवत. मला त्या वेळी अभिमान वाटे. टाळ्या मामांच्या कानांना मिळत, पण त्यांत माझाही वाटा होता.

भाचीचे टोपणनाव 'मुंगी'. वय एकोणीस, अंग एवढेसे, आणि काम दोन माणसांचे. थोरल्याच्या तळाशी एक चौकोनी दार आहे, ताटापेक्षा जरासे मोठे. आधी एक हात, मग डोके, मग तिरके होऊन दुसरा खांदा, असे करत तिथून आत शिरावे लागते. गडी माणसांना ते जमत नसे. मुंगी सहज शिरे, आणि बादली, ब्रश, खरवडणी आणि दिवा घेऊन थोरल्याचे पोट आतून घासून काढी. घासताना ती गाई. थोरल्याच्या पोटात तिचा आवाज इतका मोठा होई की वर अंगणातली माणसे हातातले काम थांबवत. ती गातेय म्हणजे थोरल्यात आहे, हे सगळ्यांना माहीत असे.

तरीही तळघरात एक नियम होता, आणि तो माझ्यामुळेच चाले. कोणत्याही मोठ्या पिंपाचे दार लावण्याआधी मोगरीने तीन ठोके द्यायचे. आत कोणी असेल तर त्याने तीन ठोक्यांनी उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही तर कारभाऱ्याने मोठ्याने "रिकामं" म्हणायचे आणि मगच दार लावायचे. दार लागल्यावर पिंपात गंधकाची पेटती पट्टी सोडत, आतली कीड आणि बुरशी मरावी म्हणून. त्या धुरात माणूस टिकत नाही. त्यामुळे 'रिकामं' हा शब्द फार जबाबदारीचा होता.

आता सांगते ते तेव्हा माझ्याशिवाय आणि मुंगीशिवाय कोणालाच माहीत नव्हते. मामांचे कान जात चालले होते.

मला ते त्यांच्या हातातून कळले. पूर्वी ते मला अलगद टेकवत. मग जरा जोराने मारू लागले. मग आणखी जोराने. आणि एक दिवस त्यांचा डावा पंजा पिंपावर पसरला. आता ते कानाने ऐकत नव्हते, तळहाताने चाचपत होते. लोक बोलले की त्यांच्या ओठांकडे बघत. सगळे हसले की आपणही हसत, फक्त एक क्षण उशिरा. पाहुण्यांसमोर मुंगी त्यांच्या समोरच्या बाजूला उभी राही आणि ओढणीआडून बोटे दाखवी. दोन बोटे, तीन बोटे, चार बोटे. मामा डोळे मिटल्यासारखे करत, पापण्यांच्या फटीतून बघत आणि सांगत, "तीन बोटं." टाळ्या पडत. मला मात्र आता त्या टाळ्यांची लाज वाटे.

अशी चार वर्षे गेली.

मग तो हंगाम आला. सकाळी धुण्याच्या हौदाशी मामा आणि मुंगी दोघेच होते. मी मामांच्या कमरपट्ट्यात खोचलेली होते.

"मामा, मालकीणबाईंना आता सांगा," मुंगी म्हणाली.

"काय सांगू?"

"काल उतारावरून पिंप घरंगळत येत होतं. मी मागून तीनदा ओरडले. सुतारकाकांनी ओढलं म्हणून वाचलात."

"माझं लक्ष नव्हतं."

"लक्ष होतं हो. कान नव्हते."

मामांचा चेहरा उतरला, मग तापला. "या तळघरात माझा शब्द कशावर चालतो? कानांवर. आज सांगितलं की उद्या माझ्या हातात झाडू देतील. कानसेन म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं बहिरोबा म्हणून हाका मारतील."

"मारू देत की. जीव तर राहील."

"तू गप बस."

"मग मीच सांगते त्यांना."

"सांग! सांग आणि मग या तळघराची पायरी चढू नकोस!"

 तिने चपला तिथेच हौदाशी काढल्या, बादली आणि खरवडणी उचलली आणि पाय आपटत निघून गेली. एरवी ती चपला थोरल्याच्या दाराशी काढायची. मामा दुसरीकडे तोंड करून उभे होते. ती कुठे गेली हे त्यांनी पाहिले नाही.

ती थोरल्यात शिरली होती. पण त्या दिवशी ती गायली नाही. काम आटोपल्यावर तिने दिवा फुंकला आणि आतल्या अंधारात, अगदी मागच्या टोकाला, गुडघ्यांत डोके घालून बसली. रडताना आपण आपल्यालाही दिसू नये असे तिला वाटले असावे. हे तिने फार वर्षांनी मला सांगितले. कसे सांगितले, ते पुढे येईलच.

तासाभराने मुकादम जिन्याच्या वरच्या पायरीवर आला. वर द्राक्षांच्या गाड्या लागल्या होत्या, त्यांचा खडखडाट चालला होता. तो मोठ्याने ओरडला, "मामा, थोरला धुतला का? दुपारी रस येतोय. धूर देऊन टाका."

मामांनी त्याचे ओठ वाचले. थोरल्याच्या दाराशी चपला नव्हत्या. आत उजेड नव्हता. गाणे तर नव्हतेच, असते तरी काय उपयोग होता म्हणा. मुंगी रागावून वर गेली असणार, असे त्यांनी धरले. तरी नियम तो नियम. त्यांनी मला कमरेतून काढले आणि थोरल्यावर तीन ठोके दिले.

मित्रांनो, पुढचा क्षण मी आजवर विसरलेले नाही. आतून उत्तर आले. खरवडणीच्या मुठीचे तीन ठोके, स्पष्ट, एकापाठोपाठ एक. थोरल्याच्या फळ्यांतून ते माझ्या डोक्यात आले, डोक्यातून मुठीत, आणि मुठीतून मामांच्या बोटांत. मला मामांची बोटे आवळल्याची जाणीव झाली. त्यांना काहीतरी लागले होते. पण ते काय? वरच्या गाड्यांची थरथर? स्वतःच्याच ठोक्याचा पडसाद? की उत्तर?

एवढेच विचारायचे होते, "मुकादम, जरा खाली येऊन ऐकता का? मला नीट कळत नाहीये." एवढे एक वाक्य.

"काय मामा? रिकामं ना?" मुकादमाने वरून विचारले.

मामांनी वर त्याच्या ओठांकडे पाहिले. मग म्हणाले, "रिकामं."

मुकादम गेला. मामांनी दार बसवले, आडवी पट्टी घातली, तिचा स्क्रू आवळला. शिडीवर चढून गंधकाची पट्टी पेटवली, तारेला लावून वरच्या भोकातून आत सोडली आणि बूच बसवले. खाली उतरले. मला दाराच्या चौकटीवरच्या अरुंद फळीवर ठेवले आणि थोरल्याच्या अंगावर खडूने लिहू लागले : 'धूर दिला'.

आत मुंगीला आधी वाटले की मामा रागाने तिला कोंडतायत. मग वरून निळी ज्योत खाली आली आणि तिला कळले की हा राग नाही. ती ओरडली असणार. थोरल्याच्या जाड फळ्यांतून आणि गाड्यांच्या आवाजातून ते कोणाच्या कानावर जाणार? आणि खाली जो एकच माणूस होता, त्याच्या कानांचे मी सांगितलेच आहे. मग ती ठोकू लागली. तीन ठोके. पुन्हा तीन. पुन्हा तीन. बूच आणि लाकूड यांच्या फटीतून गंधकाचा वास बाहेर येऊ लागला होता.

मी फळीवर थरथरत होते. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. मी फक्त दर ठोक्याला केसभर सरकत होते. फळीच्या काठाशी आले आणि पडले. मामांच्या पायाजवळ.

मामांनी वाकून मला उचलले आणि फळीवर परत ठेवले. नीट, आतल्या बाजूला सरकवून. पुन्हा खडू हातात घेतला.



तीन ठोके. मग दोन. मग बराच वेळ काहीच नाही. मग एकदम एक मोठा आघात झाला. तिने लाथ मारली असावी. मी उसळले आणि दुसऱ्यांदा खाली पडले.

मामा माझ्याकडे बघत राहिले. जमिनीवर, खडूच्या भुकटीत, मी आपोआप हलत होते. त्यांनी खडू टाकला आणि दोन्ही तळहात थोरल्यावर टेकले. अंगावर काटा आलेला माणूस तोवर मी पाहिला नव्हता. त्यांच्या मनगटावरचा केस न् केस उभा राहिला.

"मुंगी!" ते ओरडले. स्वतःचा आवाज ऐकू न येणारा माणूस ओरडतो तसे, भलत्याच पट्टीत. ती हाक तळघराच्या कमानींखाली इतका वेळ फिरत राहिली की वरची माणसे गाड्या सोडून जिन्याकडे धावली.

स्क्रू सोडवताना त्यांची नखे निघाली. दार पडले आणि पांढरट धूर फरशीवर सांडला. त्यातून आधी एक हात बाहेर आला. त्या हातात अजून खरवडणी होती.

मुंगी वाचली. बादलीतल्या पाण्यात ओढणी भिजवून तिने ती तोंडाशी धरली होती आणि दाराच्या फटीला नाक लावून पडली होती. पण धुराने गळा जाळला होता. डॉक्टरांनी सांगितले की श्वास राहील, आवाज राहणार नाही. तसेच झाले. थोरल्याच्या पोटात घुमणारे ते गाणे त्या दिवसानंतर कोणी ऐकले नाही.

तिसऱ्या दिवशी मालकीणबाई तळघरात आल्या. सगळ्यांना गोळा केले. मुकादमाने सांगितले, "मी विचारलं. मामा 'रिकामं' म्हणाले."

मामा पुढे झाले. मला त्यांनी दोन्ही हातांत आडवे धरले होते.

"मी ठोकलं. तिनं उत्तर दिलं होतं," ते म्हणाले. "मला ऐकू आलं नाही. गेली चार वर्षं मला ऐकू येत नाही."

 मालकीणबाई त्यांच्या अगदी समोर येऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "चार वर्षं. आणि त्या दिवशी 'ऐकू नाही आलं' एवढं म्हणता आलं नाही तुम्हाला?"

मामांनी त्यांचे ओठ शेवटपर्यंत वाचले. "नाही म्हणता आलं," ते म्हणाले.

मालकीणबाईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतले. त्या मला, म्हणजे तळघराचा कारभारच, सुताराच्या हाती देणार होत्या. पण गळ्याला पट्टी बांधलेली मुंगी गर्दीतून पुढे आली, तिने हात पुढे केला आणि मला घेतले. मग दुसऱ्या हाताने मामांची बाही धरली आणि त्यांना आपल्या शेजारी उभे केले. मामा इथेच राहणार, हे तिने असे न बोलता सांगितले. मालकीणबाई जिना चढून गेल्या.

त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. तिला कान होते, आवाज नव्हता. त्यांना आवाज होता, कान नव्हते. मामांनी तिला पिंपांची सगळी विद्या शिकवली. आणि त्या दोघांनी आपली एक भाषा तयार केली. मुंगी थोरल्यावर मला ठोकी, मामा पलीकडच्या बाजूला तळहात टेकून बसत आणि समजून घेत. मामांनी उलट मुठीने दिलेला एक ठोका म्हणजे 'ऐकलं'. दोन जलद म्हणजे 'जेवायला चला'. लांब, तुटक ठोके म्हणजे मनातले काहीतरी, ज्याला शब्दही नव्हता. ती अंधारात बसून का रडत होती, हेही मला तेव्हाच कळले. ते तिने मामांना सांगितले आणि माझ्याकरवी सांगितले.

वरच्या नव्या मजुरांना मात्र जमिनीखालून ठोके ऐकू येत. ठक्. ठक्-ठक्. थांबून, पुन्हा ठक्. एक मुकी बाई, एक बहिरा म्हातारा आणि मध्ये ते भले मोठे पिंप. लोक भराभरा काम उरकत आणि जिना चढत. पिंपात भूत ठोकते, ही अफवा तिथे जन्मली.

एका हिवाळ्यात, दुपारी, मामा थोरल्याला पाठ लावून बसलेले असतानाच गेले. मुंगीने दोन जलद ठोके दिले होते. ताटे वाढलेली होती. पलीकडून उत्तर आले नाही. तिने पुन्हा ठोकले. मग मला खाली ठेवले आणि पिंपाला वळसा घालून गेली.

पुढे मुंगीनेही केस पांढरे होईपर्यंत तळघर सांभाळले. मालकीणबाई गेल्या, त्यांच्या मुलांनी वायनरी बंद केली. मुंगी दूर कुठे तिच्या भाच्याकडे राहायला गेली. जाताना तिने मला तेल लावून पुसले आणि खिळ्याला टांगले. दार बंद झाले.

अंधारात किती वर्षे गेली ते मला मोजता आले नाही. थोरला आतून वाळत गेला. त्याच्या फळ्यांना चिरा पडल्या, पट्ट्या सैल झाल्या. माझ्या मुठीला वाळवी लागली. रोज जेवणाच्या वेळेला मात्र त्याच्या पोटातून एक ठोका येई. वाळलेले लाकूड तडकते, हे मला कळते. मी स्वतः लाकूडच आहे. पण तडकणारे लाकूड मोजून एकदाच, जेवणाच्या वेळेला, रोज तडकत नाही. मी त्याचा अर्थ लावायचा नाही असे ठरवले.

मग दिवे आले, रंग आला, तिकीटखिडकी आली. नव्या मालकांनी जुनी वायनरी पाहुण्यांना दाखवायला उघडली. माझ्यावर पॉलिश चढले. गाईड म्हणून एक चुणचुणीत मुलगी आली. तिला सगळ्याची माहिती असे. ओक किती जुना, बुरशी कोणती, एका पिंपात किती बाटल्या. कोणीही काही विचारो, तिचे उत्तर तयार. आणि शेवटी ती पाहुण्यांना थोरल्यासमोर उभे करी, दिवे मंद करी आणि आवाज खाली आणून सांगे :

"या पिंपात एका दुष्ट मामानं आपल्या सख्ख्या भाचीला कोंडून मारलं. ती आतून ठोकत होती. त्यानं ऐकलं, पण दार उघडलं नाही. तिचा आत्मा अजून ठोकतो. ऐका!"

मग ती खिशातले बटण दाबी. थोरल्यात लपवलेल्या स्पीकरमधून ठोके येत. पाहुणे किंचाळत, मग हसत, मग फोटो काढत.

त्यानं ऐकलं, पण दार उघडलं नाही. दिवसातून सहा वेळा हे मी ऐकत होते. माझ्या मामांविषयी. मला तोंड असते तर!

अशाच एका दुपारी पाहुण्यांच्या घोळक्यात एक अगदी लहानखुरी म्हातारी आली. काठी टेकत, भाचेसुनेचा हात धरून. गळ्याभोवती स्कार्फ घट्ट गुंडाळलेला. ती जिना उतरली आणि माझ्या मुठीत कंप आला.

गाईडताईने नेहमीची गोष्ट सुरू केली. म्हातारी ऐकत होती. "त्यानं ऐकलं" या शब्दांवर तिने मान हलवली. जोरजोराने. नाही, नाही, नाही.

"आजी, काय झालं? भीती वाटते का?" गाईडताईने हसून विचारले.

"आत्याबाईंना बोलता येत नाही," भाचेसून म्हणाली. "पण असं कधी करत नाहीत त्या. आत्याबाई, बरं वाटत नाहीये का?"

म्हातारीने तिचा हात सोडला. सरळ माझ्याकडे आली आणि मला खिळ्यावरून काढले.

"अहो आजी, हात नका लावू! पाटी आहे ना!"

तिने गाईडताईचे मनगट धरले, तिचा तळहात थोरल्यावर टेकवला आणि मला उचलून तीन ठोके दिले. पूर्वीसारखे, अलगद. 

आणि आतून एक ठोका आला.

गाईडताईने चटका बसावा तसा हात मागे घेतला. कोणी हसले. "बटण दाबलं वाटतं!"

"नाही," ती म्हणाली.  "स्पीकर सकाळीच दुरुस्तीला गेलाय." तिने खाली बसून थोरल्याचे चौकोनी दार ओढले आणि फोनचा उजेड आत फिरवला. कोरडे लाकूड. कोपऱ्यात वायरचे मोकळे टोक. बाकी काही नाही.

म्हातारी मात्र घाबरली नव्हती. तिने मला छातीशी धरले होते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मग तिने खुणेने पेन मागितले, तिकिटाच्या पाठीवर सावकाश लिहिले आणि तो कागद गाईडताईच्या हातात दिला. भाचेसुनेने तो मोठ्याने वाचला :

"ती मुलगी मी. मी मेले नाही. मामानं दार उघडलं, नखं जाईपर्यंत. तो दुष्ट नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. एवढंच झालं होतं."

भाचेसुनेने कागद खाली केला. "आत्याबाई," ती म्हणाली, "इतकी वर्षं... आम्ही समजत होतो आजारपणात आवाज गेला." म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवला.

ती पुन्हा आली नाही. चार महिन्यांनी भाचेसुनेकडून ती गेल्याचे पत्र आले, ते गाईडताईने इथे खाली, थोरल्याजवळ उभे राहून वाचले.

आता स्पीकर नाही. गाईडताई दिवे मंद करत नाही. जे झाले ते ती सांगते, सकाळच्या भांडणापासून. गंमत अशी की भुताच्या गोष्टीवर हसणारे पाहुणे या गोष्टीवर हसत नाहीत. माणूस वाईट होता असे म्हटले की सगळ्यांना सुटल्यासारखे वाटते. माणूस चांगला होता, माया करणारा होता आणि तरीही 'रिकामं' म्हणाला, हे ऐकले की ज्याचे तो काहीतरी आठवू लागतो.

मित्रांनो, मला पॉलिश करा किंवा करू नका. माझे वयही हवे ते लिहा. पण ज्या दिवशी तुम्हाला ऐकू आले नाही, दिसले नाही, समजले नाही, त्या दिवशी ते बोलून दाखवा. आणि जो तसे बोलून दाखवील, त्याला हसू नका. त्याच्या हातात झाडू देऊ नका. तुमच्या हसण्याच्या भीतीने कोणीतरी नको तिथे मान डोलावतो, आणि दुसरेच कोणीतरी आत अडकते.

परवा एका लहान मुलीने गोष्ट संपल्यावर विचारले, "ताई, मग त्या दिवशी आतून ठोका कुणी दिला?"

सगळे गाईडताईकडे बघू लागले. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचे उत्तर असते. तिने थोरल्याकडे पाहिले, त्या मुलीकडे पाहिले आणि म्हणाली,

"मला माहीत नाही."